खालच्या सोसायटीस सप्रेम

कळव्यात दोन गोष्टी अवघड आहेत. सकाळी आठच्या सुमारास माणसाने लोकलच्या डब्यात शिरणं आणि जुलैमध्ये पाण्याने सोसायटीच्या आवारातून बाहेर पडणं. पहिल्या गोष्टीवर बोलून बोलून कळवेकर थकले. गाडी कल्याण-डोंबिवलीहूनच भरून येते, तिच्यात आपल्यासाठी जागा नसते, हे आम्ही आता प्राक्तन म्हणून स्वीकारलं आहे. दुसऱ्या गोष्टीवर मात्र फक्त सोसायटीच्या सभेत बोलतात, आणि तेही सगळे एकदम.

खरं तर कळव्याचा भूगोल चौथीतल्या मुलालाही समजेल इतका सरळ आहे. एका अंगाला पारसिकचा डोंगर, दुसऱ्या अंगाला ठाण्याची खाडी. डोंगरावर पडलेल्या पाण्याला खाडीत जायचं असतं. यात पाण्याचं काही चुकत नाही. मनीषानगर, पारसिकनगर, खारेगाव, विटावा ही नावं मतदारयादीत येण्याच्या कितीतरी आधीपासून ते हा प्रवास करतं आहे. मधे आपण येऊन बसलो. रूळ आले, जुना मुंबई-पुणे रस्ता आला, कारखाने आले, चाळी आल्या, चार मजली इमारती आल्या आणि यातल्या प्रत्येकाभोवती कंपाउंडची भिंत आली. आता पाणी खाडीकडे निघतं तेव्हा त्याला या सगळ्यांची परवानगी घेत घेत जावं लागतं. परवानग्यांना लागायचा तेवढा वेळ लागतो, आणि तोवर पाणी जिथे वाट बघत बसतं त्या जागेला आपण तळमजला म्हणतो.

पाऊस मोजण्याच्या इथे दोन पद्धती आहेत. हवामान खात्याच्या पद्धतीत चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून जोरदार, ११५.६ पासून अतिजोरदार आणि २०४.४ च्या वर अत्यंत जोरदार. हिशेब सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठ. आमच्या सोसायटीच्या पद्धतीत वॉचमनची खुर्ची ओली झाली की जोरदार, जमिनीखालच्या टाकीचं झाकण बुडालं की अतिजोरदार आणि तळमजल्यावरच्या काकूंनी गॅसचा सिलिंडर पलंगावर चढवला की अत्यंत जोरदार. दुसरी पद्धत जास्त विश्वासाची, कारण तिच्यात अंदाज नसतो, थेट निकाल असतो.

आमचे खजिनदार बँकेतून निवृत्त झाले, पण बेरीज त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही. एका सभेत ते उभे राहिले आणि म्हणाले, "मंडळी, एक मिलिमीटर पाऊस एका चौरस मीटरवर पडला की बरोबर एक लिटर पाणी होतं. आपली गच्ची चार हजार चौरस फुटांची, म्हणजे ३७२ चौरस मीटर. १०० मिलिमीटर पाऊस झाला की नुसत्या गच्चीवर ३७ हजार लिटर. दहा हजार लिटरचा टँकर धरा. पावणेचार टँकर." सभेत शांतता पसरली, कारण मे महिन्यातली टँकरची बिलं त्याच सभेत मंजुरीला होती. मे महिन्यात टँकर आणायला पैसे मोजायचे आणि जुलैत तेवढंच पाणी हाकलायला पंप भाड्याने आणायचा, हा व्यवहार कुठल्या खात्यात बसतो, हे त्यांनी विचारलं नाही. तेवढे ते सज्जन आहेत. पण त्यांनी पुढचा आकडा काढलाच. "२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर झाला. तसा इथे झाला, तर साडेतीन लाख लिटर. पस्तीस टँकर. एका दिवसात."

"पस्तीस टँकर उभे कुठे करायचे?" सेक्रेटरी दचकून म्हणाले. सोसायटीत पार्किंगचा प्रश्न किती खोल गेला आहे, ते यावरून कळावं.

हे गच्चीभर पाणी पाइपांतून खाली येतं. खाली आल्यावर ते काय करणार, याचा विचार इमारत बांधताना कुणी केलेला नसतो. पाइप भिंतीलगत सरळ उतरवतात आणि जमिनीच्या वीतभर वर सोडून देतात. पाइप संपतो तिथे बांधणाऱ्याची जबाबदारी संपते, आणि नेमका तिथेच इमारतीचा खांब जमिनीत शिरतो. म्हणजे चार हजार चौरस फुटांवरचं पाणी गोळा करायचं, चार मजले एक थेंब न सांडता खाली आणायचं आणि काळजीपूर्वक पायाच्या मुळाशी ओतायचं, अशी ही योजना. तुळशीला सुद्धा इतक्या निष्ठेने कुणी पाणी घालत नाही. जुन्या कौलारू घरात वळचण भिंतीच्या पुढे दोन-अडीच फूट यायची, पागोळ्या भिंतीपासून लांब पडायच्या, जोतं कमरेएवढं असायचं आणि पडलेलं पाणी पाटाने परसातल्या केळींना जायचं. त्या घरात दुसऱ्या हजार गैरसोयी होत्या, पण पाया आणि पाणी यांची गाठ पडू द्यायची नाही, एवढं भान होतं. आमच्या इमारतीत उपाय साधा आहे: प्रत्येक पाइपाखाली चेंबर बांधायचं आणि तिथून बंद पाइपाने पाणी खांबापासून लांब, गटारात न्यायचं. या कामाला गच्चीवर नवी पत्र्याची शेड टाकण्याच्या मानाने काहीच खर्च येत नाही. म्हणूनच शेड झाली.

आता रस्त्याकडे वळू. पाणीही तिथूनच आत वळतं. आमची इमारत उभी राहिली तेव्हा दाराशी तीन पायऱ्या होत्या. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींच्या लग्नाच्या फोटोत त्या स्पष्ट दिसतात. नवरी तिसऱ्या पायरीवर उभी आहे आणि सासूबाई जमिनीवर. आज त्याच जागी दोघी एका पातळीवर उभ्या राहतात. याचं श्रेय काही जण स्त्रीमुक्तीला देतात, पण ते रस्त्याचं आहे. इमारत खचली नाही, रस्ता वाढला. डांबरावर खडी, खडीवर डांबर, त्यावर काँक्रीट. माणसाची उंची विशीत थांबते, रस्त्याची थांबत नाही. जुना थर खरवडून काढावा आणि मगच नवा टाकावा, म्हणजे पातळी तीच राहते, हे रस्ते बांधणारा कुणीही सांगेल. पण खरवडण्याचं उद्घाटन होत नाही. नारळ फुटतो तो नव्या थरावर.

रस्ता वर गेला की सोसायटी मागे राहत नाही. ती पेव्हर ब्लॉक आणते. जुना कोबा तसाच ठेवून त्यावर कच अंथरायची आणि त्यावर लाल-पिवळे ब्लॉक बसवायचे. आवार सहा इंच वर. मग मीटर रूमचा उंबरा वर. मग वॉचमनची केबिन विटांवर. मग शेजारच्या सोसायटीला आपलं आवार खाली गेल्यासारखं वाटतं आणि ती सात इंचांचं काम काढते. उंच होण्याच्या या चढाओढीत एकच गोष्ट उंच होऊ शकत नाही, ती म्हणजे तळमजला. इमारतीचं जोतं जमिनीच्या वर ठेवतात ते शोभेसाठी नव्हे. जमिनीतली ओल भिंतीत चढू नये म्हणून जोत्याच्या पातळीला एक ओलरोधक थर दिलेला असतो. पेव्हर ब्लॉक त्या थराच्या वर गेले, की तो थर आपलं काम चोख करत राहतो, फक्त जमिनीखाली, जिथे त्याची कुणाला गरज नाही. ओल त्याच्या डोक्यावरून भिंतीत शिरते, आणि तळमजल्यावरचे काका दर दिवाळीला भिंतीला नवा रंग लावून तिचं स्वागत करतात.

हे सगळं सभेत मांडायचं, तर सभा कधी असते? सहकार कायद्याप्रमाणे वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यायची असते. म्हणजे ती सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी होते. तोवर गणपती जाऊन आलेले असतात, किंवा येऊन गेलेले असतात, पाऊस परतीला लागलेला असतो आणि पाणी आवारातूनही ओसरलेलं असतं आणि लोकांच्या मनातूनही. "पाण्याचा प्रश्न गंभीर असून त्यावर उपाययोजना करण्यासाठी कमिटीस अधिकार देण्यात येत आहेत," असा ठराव होतो. दिवाळीनंतर कोटेशनं येतात. जानेवारीत निधीचा विचार होतो आणि त्यातून इमारतीला रंग काढायचं ठरतं, कारण रंग दिसतो, ढाळ दिसत नाही. लग्नाची मुलं-मुली असलेल्या घरांचं या बाबतीत फार ठाम मत असतं. मेच्या अखेरीस कुणाला तरी ठराव आठवतो. तेव्हा मिस्त्री गावाला गेलेला असतो. तो येतो आणि पाऊसही येतो.

तरीही अधूनमधून उपाय झालेच. पहिला उपाय, गेटला सिमेंटचा उंचवटा. रस्त्यावरचं पाणी आत येऊ नये म्हणून. ते आलं नाही. पण आतलं पाणी बाहेरही गेलं नाही, आणि आवाराचा तलाव झाला. दुसरा उपाय, पंप. पंपाने पाणी उपसून रस्त्यावर फेकलं. रस्त्याचा उतार आमच्याच गेटकडे. तेच पाणी रात्रभर उंचवट्यावरून आत आणि पंपातून बाहेर फेऱ्या मारत राहिलं, वीज सोसायटीची. तिसरा उपाय वास्तुशास्त्राचा. चौथ्या मजल्यावरून सूचना आली, की आवाराचा उतार ईशान्येकडे हवा. आमच्या ईशान्येला विजेचे मीटर आहेत. शास्त्र आणि वीज कंपनी यांच्यात मध्यस्थी करायला कुणी पुढे आलं नाही. चौथा उपाय, पाण्याच्या वाटेवरचं चेंबर साफ करणं. ते उघडलं तर आतून पिंपळ उगवलेला. पिंपळ तोडायचा कुणी? तळमजल्यावरच्या आजींनी त्याला हळदकुंकू वाहिलं, आणि ते चेंबर धार्मिक स्थळ म्हणून कायमचं बंद झालं.

"पण आपला पाया मजबूत आहे ना?" हा प्रश्न दर सभेत कुणीतरी विचारतं, आणि "आहे" असं उत्तर देणारे नेहमी चौथ्या मजल्यावर राहणारे असतात. खाडीकाठची जमीन म्हणजे वर भराव आणि खाली काळा मऊ चिखल. इमारतीचे खांब खोल, टणक थरावर टेकवलेले असतील तर इमारत जागची हलत नाही. हलतो तो भोवतालचा भराव. पाणी मुरलं की तो दरवर्षी थोडा बसतो. इमारत स्थिर आणि अंगण खाली, असा फरक पडला की दोघांना जोडणारे ड्रेनेजचे पाइप सांध्यात तुटतात, त्यातलं पाणी भरावात जातं, भराव आणखी बसतो. आवार नेहमी भिंतीलगतच जास्त खचतं, कारण घर बांधताना खणून पुन्हा बुजवलेली माती तिथेच असते. मग बाहेरच्या बाजूला दिलेला ढाळ उलटा होतो आणि अंगणातलं सगळं पाणी आपणहून भिंतीकडे धावत येतं. पायाचं खरं नुकसान एका पुराने होत नाही, या रोजच्या, शिस्तीच्या, घोटाभर पाण्याने होतं. त्यात खाडीची खारी हवा. खार आणि ओल एकत्र आले की काँक्रीटमधली सळई गंजते, आणि गंजलेली सळई मूळच्या दुपटीहून जास्त जागा मागते. ती मिळाली नाही की सळई भोवतालचं काँक्रीट फोडते. कळव्यात जागा मागणारा कुणीही शेवटी हेच करतो.

म्हणून स्ट्रक्चरल ऑडिट. इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर पाच वर्षांतून एकदा, तिशी उलटली की तीन वर्षांतून एकदा, असं उपविधी सांगतात. आमच्याकडे ऑडिटला आलेले इंजिनिअर खांबांवर हातोडीने ठोकत निघाले. भरीव आवाज आला तर ठीक, पोकळ आला तर प्लास्टर सुटलेलं. त्यांच्या मागे निम्मी सोसायटी कान देऊन चालत होती. पोकळ आवाज आला की "साहेब, जरा हळू मारा ना" अशी विनंती व्हायची. एका काकांनी तर आपल्या घरातल्या खांबावर स्वतः ठोकून भरीव आवाज काढून दाखवला. अहवालात पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत एकच वाक्य होतं: इमारतीभोवती साचणाऱ्या पाण्याचा निचरा आधी करावा. पुढची चाळीस पानं खांबांची होती. सभेत चर्चा चाळीस पानांवर झाली.

पहिल्या मजल्यावरच्या वहिनींचा भाऊ न्यू जर्सीत असतो. त्याच्या घराला तळघर आहे, तळघरात एक खड्डा आहे आणि खड्ड्यात पाणी चढलं की आपोआप चालू होणारा पंप आहे. अमेरिकेत राहून मराठी माणूस दोन गोष्टींवर तासभर बोलू शकतो, व्हिसा आणि तळघरातलं पाणी. त्याने व्हिडिओ कॉलवर शांतपणे समजावलं: "ताई, इकडे नियमच आहे. घराच्या भिंतीपासून पहिल्या दहा फुटांत जमीन सहा इंच उतरली पाहिजे. बस. निम्मा प्रश्न तिथेच संपतो." नियम उत्तम आहे. वहिनी टेप घेऊन खाली गेल्या. आमच्या भिंतीपासून दहा फुटांत साडेचार फूट आमचं आवार, मग कंपाउंडची भिंत, मग शेजारच्यांच्या स्कूटर, आणि उरलेल्या जागेत शेजारची इमारत. सहा इंच उतरायचं म्हणजे उतरून त्यांच्या बेडरूममध्ये जायचं. अमेरिकेतला नियम एकट्या घरासाठी आहे. कळव्यात एकटं घर नाही. इथे कुणाचाही उतार हा दुसऱ्या कुणाचा तरी चढ असतो. तरी आमच्या मिस्त्रीने फुटाला पाव इंच ढाळ धरून, भिंतीपासून दूर, मधोमध एक उघडी पन्हळ काढून दाखवली. साडेचार फुटांतही पाणी भिंत सोडून वागू शकतं, हे तेव्हा कळलं. तीन दिवसांनी त्या पन्हळीवर कुणीतरी कुंड्या मांडल्या.

डोंगराच्या बाजूला राहणाऱ्यांची गोष्ट निराळी, आणि तिथे थट्टा आवरती घ्यावी लागते. १९ जुलै २०२१ ला कळव्याच्या घोलाईनगरमध्ये दरड कोसळून एकाच कुटुंबातली पाच माणसं गेली. उतारावरची माती भिजली की जड होते, आणि तिला धरून ठेवणारी ताकद त्याच वेळी कमी होते. म्हणून डोंगराकडच्या संरक्षक भिंतीत ठराविक अंतरावर भोकं ठेवलेली असतात. मागे साठलेलं पाणी त्यातून बाहेर यावं आणि भिंतीवरचा दाब कमी व्हावा, एवढंच त्यांचं काम. भोकातून पाणी येतं आहे, म्हणजे भिंत नीट आहे. पण आपल्याकडे भिंतीतून पाणी आलं की ती गळते असं वाटतं, आणि कुणीतरी हौसेने सिमेंट भरून ती भोकं बुजवतं. साप येतात, असंही कारण दिलं जातं. सापाला दुसरी वाट सापडते, पाण्याला सापडत नाही.

आता शेजारधर्म. डोंगराकडची सोसायटी आमच्या वर, खाडीकडची आमच्या खाली. वरच्यांचं पाणी आमच्याकडे येतं आणि आमचं खालच्यांकडे जातं. वरच्या सोसायटीला आम्ही दरवर्षी कडक शब्दांत पत्र लिहितो आणि खालच्या सोसायटीचं दरवर्षी तसंच पत्र आम्हाला येतं. एकदा आमच्या सेक्रेटरींनी वेळ वाचवण्यासाठी खालून आलेल्या पत्रावरच नाव बदलून ते वर पाठवलं. वरच्या सोसायटीत एक निवृत्त वकील आहेत. त्यांनी उत्तर दिलं, की १८८२ च्या सुविधाधिकार अधिनियमाच्या कलम ७ प्रमाणे वरच्या जमिनीवर पडलेलं पाणी नैसर्गिकपणे खालच्या जमिनीवर वाहू देणं खालच्या मालकावर बंधनकारक आहे, सबब आपण आमचं पाणी सन्मानपूर्वक स्वीकारावं. आमच्या सेक्रेटरींना ते पत्र इतकं आवडलं की त्यांनी त्याची प्रत लगेच खालच्या सोसायटीला धाडली.

खालच्या सोसायटीचे अध्यक्ष खारेगावच्या जुन्या आगरी घरातले. वकील नाहीत, पण कलम त्यांनी नीट वाचलं. त्यांचं उत्तर दोन ओळींचं होतं: कायदा नैसर्गिक पाण्याबद्दल बोलतो. पेव्हर ब्लॉकवरून, पंपाने, गेटचा उंचवटा ओलांडून आलेलं पाणी कोणत्या अर्थाने नैसर्गिक, ते कळवावं. आमच्या सोसायटीत त्या दिवशी पहिल्यांदाच कायद्याबद्दल आदर निर्माण झाला, आणि थोडी भीतीही.

हेच अध्यक्ष एका संध्याकाळी नाक्यावर चहाला भेटले आणि त्यांनी आजोबांच्या काळची खारशेती समजावून सांगितली. खाडीच्या काठाला मातीचा बांध, बांधाच्या आत भाताची शेतं. भरतीचं खारं पाणी आत येऊ द्यायचं नाही आणि पावसाचं गोडं पाणी आत कोंडू द्यायचं नाही, ही दोन कामं एकाच बांधाने करायची. त्यासाठी बांधात उघाडी असायची, म्हणजे एक झडप. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने ती बाहेर उघडायची, भरती आली की खाडीच्या दाबाने आपोआप मिटायची. वीज नाही, पंप नाही, वार्षिक देखभाल करार नाही. आणि उघाडी कुणा एकाची नसायची. ती अडकली तर सगळ्यांचं भात जायचं, म्हणून तिच्याकडे सगळ्यांचं लक्ष. पुढे या खार जमिनींसाठी सरकारने १९४८ आणि १९७९ मध्ये कायदेही केले. अध्यक्षांचं म्हणणं एवढंच, की आजोबा आधी उघाडीपाशी जाऊन बघायचे आणि मग शेताकडे वळायचे. "तुम्ही आधी आपलं गेट बघता," ते म्हणाले आणि चहाचे पैसेही त्यांनीच दिले, त्यामुळे उत्तर देता आलं नाही.

गोष्ट खरी होती. आम्ही सगळे पाण्याला घालवतो आहोत असं समजत होतो. प्रत्यक्षात फक्त पुढे ढकलत होतो. वरच्याने आमच्याकडे, आम्ही खालच्याकडे, खालच्याने खाडीकडे. आणि खाडीची स्वतःची वेळ ठरलेली. भरती दर साडेबारा तासांच्या आसपास परत येते, आणि पावसाळ्यात साडेचार मीटरच्या भरतीला नाल्याचं तोंड खाडीच्या पाण्याखाली जातं. त्या दोन-तीन तासांत वरून मुसळधार पडला तर पाणी जाणार कुठे? विटाव्याच्या रेल्वे पुलाखालून पावसाळ्यात ज्याने मोटारसायकल ढकलली आहे, त्याला हे उत्तर गुडघ्यापर्यंत पाठ असतं. शोषखड्ड्यांचाही इथे फार उपयोग नाही. खाडीकाठी पावसाळ्यात जमिनीतलं पाणीच हातभर खाली असतं; भरलेल्या जमिनीत आणखी काय मुरवणार? आणि पायाला चिकटून शोषखड्डा काढणं म्हणजे पाहुण्याला थेट देवघरात झोपवणं.

शेवटी तिन्ही सोसायट्यांनी मिळून पाहणी करायचं ठरवलं. मिस्त्री पारदर्शक नळी घेऊन आला. नळीत पाणी भरायचं, एक टोक इथे, दुसरं तिथे. दोन्ही टोकांचं पाणी एका पातळीला येतं आणि कोण वर, कोण खाली, ते दाखवतं. त्या दुपारी तिथे हजर असलेल्यांपैकी कुठल्याही सोसायटीचा सभासद नसलेलं असं ते एकटं नळीतलं पाणीच होतं, म्हणून त्याचा निकाल सगळ्यांनी मानला. निकाल असा: रस्त्याकडेच्या ज्या पावसाळी गटारात तिन्ही आवारांचं पाणी पडायला हवं, त्याचं तोंड सगळ्यात वरच्या आवारापेक्षाही चार बोटं उंच. इतकी वर्षं आम्ही एकमेकांना पत्रं लिहीत होतो, आणि पाण्याने जिथे जायचं होतं तिथे त्याला चढून जावं लागणार होतं.

मग काम ठरलं ते उघाडीच्या क्रमाने, खालून वर. आधी गटाराचं तोंड खाली घेण्यासाठी तिघांचा मिळून एक अर्ज आणि नाल्याकडच्या टोकाला झडप. मग खालच्या सोसायटीची पन्हळ, मग आमची, सगळ्यात शेवटी वरच्यांची. "आम्ही वरचे, आणि आमचा नंबर शेवटी?" वकीलसाहेबांनी हरकत घेतली. पाणी खालून वर चढत नाही, पण काम चढतं, हे त्यांना पटवायला दोन चहा लागले. जुना कोबा काढल्याशिवाय नवा ब्लॉक बसवायचा नाही, चेंबरच्या जाळ्या मेमध्ये उघडायच्या, जमिनीखालच्या टाकीचं तोंड फूटभर उंच करायचं, पिंपळ आजींच्या हस्ते मोठ्या कुंडीत हलवायचा, हेही ठरलं. आणि खास सभा एप्रिलमध्ये घ्यायची, सप्टेंबरमध्ये फक्त हिशेब.

खालच्या अध्यक्षांनी एक अट घातली. भरतीच्या दोन-तीन तासांत वरच्या दोन्ही सोसायट्यांनी आपापल्या गच्चीचं पाणी आपल्याकडेच धरून ठेवायचं आणि ओहोटी लागली की सोडायचं. "धरून ठेवायचं म्हणजे कशात?" सेक्रेटरींनी विचारलं. खजिनदारांनी वही उघडली. गच्चीच्या पाण्याची चाळीस हजार लिटरची टाकी बांधली तर १०० मिलिमीटरचा पाऊस पूर्ण मावतो. ते पाणी ओहोटीची वाट न बघता संडास-बाथरूमला आणि गाड्या धुवायला वापरलं, तर पावसाळ्याचे चार महिने नळाच्या पाण्यावरचा ताण कमी. आकडे सगळ्यांना पटले, आणि ही तर खजिनदारांच्या कारकिर्दीतली पहिलीच घटना.

ठराव बहुमताने मंजूर झाला. एकमतानेच व्हायचा, पण टँकरवाले आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतात.